पोटाने खाली उतरवलं

साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. पाठीमागे वरचा, तोंडावर वरचे काका. खरं नाव विचारलं तर पगार वाटणारा कारकूनसुद्धा क्षणभर डोकं खाजवायचा. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसून लोखंड, लाकूड, काँक्रीटची बादली इकडून उचलून तिकडे ठेवायची, हे त्याचं काम. उमेदीची सगळी वर्षं त्याने आभाळात टांगलेल्या त्या काचेच्या डब्यात काढली होती. "स्लॅब आज होईल का हो?" असं कुणी नवख्याने विचारलं की गवंडी वर बोट दाखवून म्हणत, "वरच्याची मर्जी." मग तो नवखा बिचारा हात जोडायचा आणि सगळे पोट धरून हसायचे.

सकाळी शिडी चढायची, संध्याकाळी उतरायची. मधे खाली यायचं नाही. चढउतार करण्यातच अर्धा दिवस जायचा, आणि वरचा खाली आला की अख्खी साइट हात बांधून बसायची. जेवणाचा डबा वर, पाण्याची बाटली वर, आणि लघवीसाठी वेगळी बाटली, तीही वर. बाकीचं सकाळी घरून निघायच्या आधी उरकायचं. या बाबतीत वरच्याचं पोट म्हणजे घड्याळ होतं. दगड खाल्ला तर दगड पचवील, असं त्याची बायको म्हणायची. शिळंपाकं, तेलकट, तिखट, काही असो, डबा पुसून खायचा आणि ढेकर देऊन पुन्हा कामाला लागायचा.

इतकी वर्षं एकट्याने डब्यात बसून हा माणूस वेडा कसा झाला नाही, असं लोकांना वाटायचं. पण वरचा एकटा नव्हता. त्याच्या कानाशी वॉकीटॉकी होता आणि त्यात खालचा होता.

खालचा म्हणजे सिग्नल देणारा. वर बसणाऱ्याला हुकाच्या खाली काय आहे ते नीट दिसत नाही. खाली एक माणूस उभा राहून सांगतो, डावीकडे घे, सोड, अजून सोड, बस्स. वरचा जिथे जिथे कामाला गेला तिथे तिथे त्याने खालच्याला सोबत ओढून नेलं. दोघांचं नवरा-बायकोसारखं जमलं होतं, म्हणजे दिवसभर कुरबुर आणि एकमेकांवाचून अडणं. भार येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात खालचा वॉकीटॉकीवर सगळं जग ओतायचा. मुकादमाचं कुणाशी वाजलं, त्याच्या स्वतःच्या सुनेने आज काय बनवलं, गुडघा कसा ठणकतोय. समोरासमोर मात्र दोघं कमीच भेटत. भेटले तर काय बोलावं ते सुचायचं नाही. मग एक जण म्हणायचा, "काय?" दुसरा म्हणायचा, "काही नाही," आणि दोघं आपापल्या वाटेने घरी जायचे.

साथ आली तेव्हा काम बंद पडलं, मग सुरू झालं, पुन्हा बंद पडलं. वरच्याला कोविड झाला तो साथ ओसरत आली तेव्हा. ताप, खोकला, अंग ठेचल्यासारखं. आठवड्याभरात ताप उतरला. दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही, ऑक्सिजन लागला नाही. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती, ती रोज फोन करून रडायची, तिचंही रडणं थांबलं. बायकोलाही झाला होता, ती त्याच्या आधी उठून कामाला लागली. ती एका शाळेच्या कार्यालयात होती. "स्वस्तात सुटलो," ती म्हणाली. त्यालाही तसंच वाटलं.

कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी शिडी चढताना अर्ध्या वाटेत त्याला थांबावं लागलं. छाती भात्यासारखी हलत होती. वॉकीटॉकीतून आवाज आला, "काय रे, दम लागला की काय?"

"देखावा बघतोय," तो म्हणाला.

"बघ बघ. फुकट आहे."

अशक्तपणा आहे, जाईल, असं त्याने मनाला समजावलं. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, हे लहानपणापासून ऐकलं होतंच. पण ही मुंगी जायचं नावच घेईना. उलट तिने पोटात वारूळ केलं. दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. खाल्लेलं तासन्तास छातीशी दगडासारखं बसून राहायचं. आंबट पाणी घशाशी यायचं. आणि मग कधीही, काही सांगता न सवरता, पोटात अशी कळ उठायची की कपाळाला घाम फुटायचा. तेव्हा जे काही करायचं ते ताबडतोब, पुढच्या मिनिटाची गोष्ट नाही.

घरी असताना ते निभायचं. एकदा ते वर असताना झालं.

हुकाला सळयांचा भारा होता. भार लटकत असताना ऑपरेटरने जागा सोडायची नाही, हा त्या कामातला पहिला नियम. कळ आली तेव्हा भारा इमारतीच्या कडेशी हवेत होता आणि खाली माणसं वाट बघत होती. त्याने दात आवळले. खालच्याचा आवाज येत होता, सोड, अजून सोड, जरा उजवीकडे. त्याने सोडलं, उजवीकडे घेतलं, भारा फुलासारखा खाली टेकवला. हुक मोकळा झाला. आणि तोपर्यंत त्याच्या हातात काही राहिलं नाही.

पन्नाशी उलटलेला माणूस. लेक नोकरीला लागलेली. तो त्या काचेच्या डब्यात खुर्चीवर बसून राहिला आणि हलला नाही. चारही बाजूंनी शहर दिसत होतं, ऊन चकाकत होतं, आणि जगात कुणालाही दिसणार नाही अशा जागी बसूनही आपल्याकडे सगळे बघतायत असं त्याला वाटत होतं.

शेवटी त्याने बटण दाबलं. "क्रेनमध्ये बिघाड आहे," तो म्हणाला. "आज काही उचलता येणार नाही."

खालच्याने केबिनकडे मान वर केली. मग म्हणाला, "मोठा आहे का?"

"हो."

"बरं. तू बस वर. मी बघतो."

वरून त्याला दिसत राहिलं. माणसं घोळक्याने फाटकाकडे चालली होती, सुट्टीला अजून वेळ असताना. साइटचं सगळं बघणाऱ्या इंजिनियरबाईंची गाडी गेली. आवार रिकामं झालं तेव्हा तो एकेक पायरी धरत उतरला. हौदाजवळ कुणी नव्हतं. पत्र्याच्या खोलीबाहेर खिळ्याला एक धुतलेली कामाची पँट लटकत होती, कुणाची तरी विसरलेली. त्याने आडोशाला अंग धुतलं, ती पँट चढवली आणि घरी गेला. बायकोने विचारलं, "ही कुणाची?" तो म्हणाला, "बदलली गेली." ती ताट वाढायला वळली. त्याने स्वतःची पँट धुऊन, पिळून, वाळत न घालता कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने साधा उपाय काढला. खायचंच नाही. काम सुटेपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही, म्हणजे बाहेर यायलाही काही नको. डबा घेऊन जायचा आणि भरलेला परत आणायचा, वाटेत कुत्र्यांना घालायचा. कुत्री ओळखायला लागली. गल्लीच्या तोंडाशी शेपट्या हलवत उभी राहायची. गाल बसले, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. लोक म्हणाले, "वा, बारीक झालात. व्यायाम करता का?"

पण रिकाम्या पोटी डोकं चालेना. तसं ते भरल्या पोटीही पूर्वीसारखं चालत नव्हतं. बोलता बोलता शब्द निसटायचा. ओळखीचा रस्ता क्षणभर अनोळखी वाटायचा. कानात शब्द पडायचा आणि डोक्यात शिरेपर्यंत वाटेत कुठेतरी रेंगाळायचा. असाच एकदा खालचा म्हणाला "डावीकडे," आणि वरच्याने उजवीकडे घेतलं.

हुकाला लाकडी फळ्यांचा गठ्ठा होता. उजवीकडे दोन गवंडी पाठमोरे बसून काम करत होते.

"थांब! थांब! अरे थांब!"

तो थांबला. गठ्ठा त्या दोघांच्या डोक्यावरून झोका घेऊन गेला. एकाने स्वतःला पालथं झोकून दिलं होतं, दुसऱ्याला कळलंही नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वरच्याने गठ्ठा हळूहळू जागेवर ठेवला, यंत्र बंद केलं, शिडी उतरला आणि थेट इंजिनियरबाईंच्या टेबलावर किल्ली ठेवली.

"बाई, मला आता वर पाठवू नका."

बाई लेकीच्याच वयाच्या. घाईत होत्या, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, चूक कुणाकडूनही होते. कुणाला लागलं नाही ना?"

"चूक झाली याचं नाही काही. ती मला कळली नाही. त्याने ओरडून सांगितल्यावर कळली. मला वाटत होतं मी डावीकडेच घेतोय."

बाईंनी किल्ली खणात ठेवली. मग म्हणाल्या, "आधी बरे व्हा. मग बघू."

फाटकापाशी खालचा उभा होता. समोरासमोर. "काय?" तो म्हणाला.

"काही नाही," वरचा म्हणाला आणि चालायला लागला.

मग डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, घशातून नळी घालून पोट आतून बघितलं. सगळं चांगलं निघालं. पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी त्या बंद करून वेगळ्या दिल्या, तिसऱ्यांनी विचारलं, "काही टेन्शन आहे का?" रिपोर्ट नॉर्मल म्हणून लेकीने फोनवर पेढे मागितले. शेजारी अभिनंदन करून गेले. रिपोर्टमधला माणूस ठणठणीत होता. त्याची प्रत मात्र रोज सकाळी संडासाच्या दाराला डोकं टेकून उभी असायची.

घरात दिवसभर तो एकटा. बायको सकाळी डबा घेऊन जायची. दार लागलं की जिन्यात तिची पावलं विरत जायची आणि मग फ्रीजची घरघर ऐकू यायला लागायची. वर असताना त्याने इतकी वर्षं एकट्याने काढली, पण असं शांत कधी वाटलं नव्हतं. वर वारा असायचा, वॉकीटॉकीची खरखर असायची, कुणीतरी सतत त्याला काहीतरी मागत असायचं. इथे त्याला कुणी काही मागत नव्हतं. तो उकडलेला बटाटा कुस्करून खायचा, मऊ भात खायचा, कोरडा टोस्ट खायचा. खाल्ल्यावर पोटावर हात ठेवून बसायचा, परीक्षेचा निकाल लागायची वाट बघावी तसा. दुपारी जरा बरं वाटलं म्हणून भांडी घासली, की पुढचे दोन दिवस अंगातली ताकद कुणीतरी नळ उघडून सोडून दिल्यासारखी.

बाहेर पडणंही सोपं राहिलं नव्हतं. पूर्वी त्याला वरून सबंध शहर दिसायचं. आता त्याला शहरात फक्त संडास दिसत. पेट्रोल पंपावरचा, वाचनालयातला, सरकारी दवाखान्याच्या मागचा, ज्याला कडी नव्हती. एका संडासापासून दुसऱ्यापर्यंत जेवढा रस्ता, तेवढंच त्याचं फिरणं. बस तर विचारूच नका.

खालच्याच्या मुलाने घर घेतलं तेव्हा खालच्याने जेवायला बोलावलं. वरचा "येतो" म्हणाला आणि गेला नाही. अनोळखी घर, एकच संडास, तोही बैठकीच्या खोलीला लागून, पंगत बसलेली आणि आपण उठून जायचं, पुन्हा जायचं. या विचारानेच त्याने पायात घातलेली चप्पल पुन्हा काढून ठेवली. खालच्याने फोन केला, याने उचलला नाही. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा पाहुणे आलेत म्हणून सांगितलं. मग खालच्याचे फोन यायचे कमी झाले. मग थांबले. मोठा झाला आता, असं खालचा कुणाकडे तरी म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं. त्याला वाईट वाटलं, पण खरं सांगायची लाज त्याहून मोठी होती.

आणि बायको. तिचं वेगळंच झालं होतं. कोविडात त्याचा वास गेला होता तो परत आला, पण वाकडा होऊन आला. कॉफीला कुजका वास. टूथपेस्टला रॉकेलचा. आणि बायको लग्नापासून जो एकच साबण वापरत आली होती, फिकट हिरवा, त्याचा वास त्याला जळक्या वायरीसारखा यायचा. ती अंघोळ करून जवळून गेली की त्याला उमासा यायचा. हे तिला कसं सांगणार? तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागला. पोटामुळे उठावं लागतं, तुझी झोप मोडते, असं सांगून त्याने अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं. ती जेवायला बसली की तो नंतर बसायचा. काही महिने असेच गेले. दोघं एकाच घरात भाडेकरूंसारखे राहत होते.

एका सुट्टीच्या सकाळी ती केस पुसत बाहेर आली आणि तो उठून खिडकीकडे गेला. ती तिथेच थांबली.

"अहो, मी काय केलंय?"

"तू कुठे काय केलंयस?"

"मी जवळ आले की तुम्ही लांब जाता. मी काही आंधळी नाही. मन उडालं असेल तर तसं सांगा. या वयात मी काही जीव देणार नाही."

मग मात्र त्याने सांगितलं. खिडकीचा गज धरून, तिच्याकडे न बघता. साबणाचं, जळक्या वायरीचं, उमाशाचं. ती ऐकत राहिली. तिला आधी हसू आलं. "म्हणजे इतके दिवस मी तुम्हाला शॉर्टसर्किट झाल्यासारखी वाटतेय?" आणि हसता हसता ती खाली बसली आणि टॉवेल तोंडावर धरून रडली. किती दिवसांचं साचलेलं होतं कोण जाणे.

मग ती उठली. घरातले होते नव्हते ते साबण तिने टेबलावर मांडले, दुकानातून दोन आणले, शेजारणीकडून एक मागून आणला. तो एकेक हुंगत गेला. हा रॉकेल. हा कुजका. हा सहन होतो पण डोकं उठतं. शेवटी एकच असा निघाला की ज्याला काहीच वास आला नाही. तो धुण्याचा साबण होता.

"छान," ती म्हणाली. "म्हणजे आता मी विजारीसारखी धुऊन निघू?"

दोघं खूप दिवसांनी एकत्र हसले. तिने पुढे लहान बाळांसाठीचा बिनवासाचा साबण शोधून काढला. शाळेतून आली की आधी अंघोळ करायची, मग त्याच्या शेजारी बसायची. तरी तिच्या चेहऱ्यावरचा थकवा त्याला दिसायचा. दिवसभर शाळेतलं मरमर काम, आणि घरी हा. आज कसं आहे, असं ती रोज विचारायची, आणि तो खरं सांगायचा नाही, कारण रोज तेच ते किती ऐकवायचं. मग ती विचारायचीही कमी झाली. दुखणाईत माणसाला दुखण्यापेक्षा दुखण्याची शिळी बातमी जास्त एकटं पाडते.

डॉक्टर बदलायचा त्याला उत्साह नव्हता. पण ज्या सरकारी दवाखान्याच्या मागचा बिनकडीचा संडास त्याला माहीत होता, तिथेच एकदा कळ जिरेपर्यंत तो बाकावर बसला होता, तेव्हा नर्सने त्याला रांगेतला समजून आत ढकललं. आत एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा नाकावर, समोर थंड झालेला चहा. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले.

"हे राहू द्या. तुम्ही सांगा."

त्याने तुटक तुटक सांगितलं. मधे शब्द हरवला, तर त्या थांबल्या, सुचवायला गेल्या नाहीत. वर घडलेलं ते सोडून बाकी सगळं त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोविडनंतर का?"

"हो. पण तो तर बरा झाला होता."

"ताप बरा झाला होता. तुमच्यासारखे माझ्याकडे बरेच येतात. कुणाचं पोट, कुणाचं डोकं, कुणाचा दम. नेमकं का होतं ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण होतं, एवढं नक्की."

"म्हणजे माझ्या मनाचं नाही?"

"मनाचं असतं तर मनाने तुम्हाला शिडीवर चढवलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चढायचंच आहे की."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यालाच त्याचं आश्चर्य वाटलं. त्या चहा पीत बसल्या, जसं काही झालंच नाही. मग त्यांनी सांगितलं ते फार मोठं नव्हतं. थोडं थोडं खा, पण उपाशी राहू नका. काय सोसतं ते हळूहळू शोधा, एका वेळी एकच पदार्थ वाढवा. ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी सगळी कामं काढू नका. कळेसाठी एक गोळी दिली. पूर्वीसारखं होईल का, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "खोटं सांगू का? माहीत नाही. बऱ्याच जणांना हळूहळू फरक पडतो. काहींचं काही मागे राहतं. पण आज आहात त्यापेक्षा बरं करता येईल."

जादू झाली नाही. पण चांगले दिवस वाईट दिवसांच्या मधे मधे उगवायला लागले. आधी आठवड्यातून एखादा, मग दोन. त्या दिवसांत तो वाचनालयापर्यंत चालत जायचा आणि तिथल्या संडासाकडे न बघता परत यायचा, आणि तेवढ्यानेच छाती फुगायची. मग पुन्हा असा एखादा आठवडा यायचा की वाटावं सगळं मुसळ केरात.

अशाच एका आठवड्यात खालचा दारात उभा राहिला. न सांगता आला होता. बायको शाळेत गेली होती. वरचा टेबलाशी बसून कुस्करलेलं गाजर खात होता, समोर अर्धा टोस्ट. अंगावर नुसती हाडं राहिली होती. खालच्याच्या चेहऱ्यावरचा राग दारातच गळून पडला.

"हे काय रे?"

"जेवण."

खालचा खुर्चीवर बसला. गुडघा चोळत राहिला. दोघांनाही काही सुचेना. तोंडासमोर वॉकीटॉकी असता तर कुणीतरी एक बोलला असता.

"मला वाटलं तुला गर्व झाला," खालचा शेवटी म्हणाला.

"कसला? गाजराचा?"

खालचा हसला नाही. वरच्याने चमचा खाली ठेवला. आणि सगळं सांगितलं, वर केबिनमध्ये झालं त्या दिवसासकट. क्रेनमध्ये बिघाड नव्हता, असं म्हणून तो थांबला.

"मला माहीत होतं," खालचा म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"अरे, इतकी वर्षं तुझा आवाज ऐकतोय. यंत्र बिघडलं की तू आधी शिव्या देतोस. त्या दिवशी दिल्या नाहीस. मेकॅनिक आला होता, त्याला मी परत पाठवला. बाईंना सांगितलं, वर वायरीत ठिणग्या दिसतायत, माणसं खाली ठेवणं धोक्याचं आहे. सगळ्यांना लवकर सोडायला लावलं."

"आणि ती पँट?"

"माझीच होती. तुला आखूड झाली असणार."

वरच्याने टोस्टचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. आपण एकटे आहोत असं समजून इतके महिने जे गाठोडं तो पाठीवर वाहत होता, त्याची एक गाठ दुसऱ्या कुणाच्या हातात आधीपासूनच होती. त्याने हलकं वाटलं खरं, पण थोडा रागही आला. "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलला नाहीस म्हणून," खालचा म्हणाला. "तुला नको असेल असं वाटलं."

जाताना दारात खालच्याने मूळ गोष्ट काढली. क्रेनवर आता नवी पोरगी आली होती, हाताला चांगली, पण बोलत नाही. आणि खालच्याच्या गुडघ्याने दिवसभर उभं राहवत नव्हतं. "सकाळचं तू बघ, दुपारचं मी. जमिनीवर उभं राहायचं. शेजारीच संडास आहे, मी बाईंकडून कडी बसवून घेतलीय."

"मी खाली?"

"हो, तू खाली. आभाळ काही तुझ्या बापाचं नाही."

तो लगेच हो म्हणाला नाही. बायकोशी बोलला, डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अर्धाच दिवस, आणि बसायला स्टूल हवं. इंजिनियरबाईंनी तो बसून राहिला तरी चालेल असं सांगितलं, एवढंच की शब्दांत गोंधळ वाटला तर लगेच थांबवायचं. तो आधी काही दिवस नुसता खालच्याच्या शेजारी उभा राहिला. स्वतःच्या तोंडातून 'डावीकडे' निघण्याआधी तो मनात एकदा डावा हात उचलायचा. पुढे तो खरोखरच उचलायला लागला. गवंडी हसायचे. हसू देत.

खाली सगळं वेगळं होतं. मान वर करून करून ती आखडायची. हुकाचं पोट दिसायचं, केबिनचा तळ दिसायचा, आतलं माणूस दिसायचं नाही. जेवायच्या सुट्टीत सगळे घोळक्याने बसून तिखटजाळ डबे उघडत, त्या वासाने त्याला मळमळायचं. मग तो आपला उकडलेला बटाटा घेऊन सिमेंटच्या गोण्यांमागे बसायचा. सगळ्यांची हसणीखिदळणी ऐकू यायची. कुणीतरी हाक मारायचं, "काका, या ना इकडे," आणि तो हात हलवून नको म्हणायचा. तेही मग हाक मारेनासे झाले. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. दुपारी खालचा आला की वॉकीटॉकी त्याच्या हातात द्यायचा आणि घरी जाऊन आडवा व्हायचा. आठवड्यात एखादा दिवस तर जाताच यायचं नाही. तेव्हा बायको शाळेतून फोन करून विचारायची, काही खाल्लं का, आणि आता तो खरं ते सांगायचा.

नवी पोरगी खरंच बोलत नव्हती. हो, नाही, घेतलं, सोडलं. एवढंच. एकदा वाळूची गाडी अडकल्याने काम खोळंबलं होतं. तो स्टुलावर बसला होता. पोटात बारीक गुरगुर चालू होती, पण कळ नव्हती. वॉकीटॉकी खरखरला.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"इथे एकटं वाटायचं का हो तुम्हाला?"

त्याने वर बघितलं. केबिनच्या काचेवर ऊन होतं, आत काही दिसत नव्हतं.

"वर? नाही गं. वर कधी वाटलं नाही. आजारी पडल्यावर वाटायला लागलं, घरात बसून. तुला वाटतं का?"

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

"थोडं," ती म्हणाली.

"मग बोलत जा. मी दुपारपर्यंत असतो. नंतर तो लंगडा येतो, त्याला तर बोलायला निमित्तच लागत नाही."

ती हसल्यासारखं वाटलं. वाळूची गाडी निघाली, मुकादमाने हात केला. वरच्याने डावा हात उचलला, एकदा नीट बघून घेतला आणि बटण दाबलं.

"चल. डावीकडे घे. सावकाश."